पंचमस्तंभी कोण?

‘पंचमस्तंभी’ हा शब्द आपल्या सभांतून इतका सर्रास फेकला जातो की, तो स्पेनच्या यादवीतून आला हे आपण विसरलो आहोत. १९३६ साली बंडखोर सेनानींचे सैन्य चार फळ्यांनी माद्रिदवर चालून जात होते. पाचवी फळी खुद्द शहरातच दडली आहे, अशी वल्गना जनरल मोलाने केल्याचे सांगतात. कूच करणाऱ्या त्या फळीचा मराठीत खांब झाला! पण माझी तक्रार खांबाविषयी नाही.

वल्गना बंडखोरांची, भोवली ती माद्रिदच्या तुरुंगांतील कैद्यांना. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात प्रजासत्ताकाच्या माणसांनी २,०००हून अधिक कैदी शहराबाहेर नेऊन, खटला न चालवता गोळ्या घालून मारले. घरभेदी ठरायला संशय पुरला.

फ्रँकोने तरी निराळे काय केले? १९३९मध्ये जिंकल्यावर, सरकारशी इमान राखणाऱ्यांनाच त्याच्या लष्करी न्यायालयांनी ‘बंडाला साथ दिली’ म्हणून शिक्षा ठोठावल्या. बंड केले होते कुणी? ज्याच्या हाती बंदूक, त्याच्याच हाती शब्दकोश!

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? मुलीला कन्नड शाळेत घातले म्हणून एका मराठी शेजाऱ्याला मी स्वतः चारचौघांत ‘पंचमस्तंभी’ म्हटले होते. तो काही बोलला नाही; घरी येणे मात्र त्याने सोडले. सीमाभागातला आपला लढा न्याय्य आहे. म्हणूनच बजावतो : युद्धातला हा शब्द शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर नेऊ नका.