गाजर गवत, पी. एल. ४८० आणि तारखांचा प्रश्न

दर पावसाळ्यात एक संदेश फिरू लागतो : अमेरिकेने पी. एल. ४८० योजनेच्या निकृष्ट गव्हातून गाजर गवताचे बी मुद्दाम भारतात धाडले. इतिहासाचे विद्यार्थीही तो निःशंकपणे पुढे पाठवतात, म्हणून हा थ्रेड.

प्रथम तारखा पाहू. पी. एल. ४८० हा अमेरिकी कायदा जुलै १९५४ चा. त्याअन्वये भारताशी पहिला मोठा धान्यकरार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. पुण्याच्या उकिरड्यांवर मात्र ही वनस्पती १९५५ मध्येच आढळली होती, आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती भारतासाठी नवी म्हणून नोंदवली. सह्या होण्यापूर्वीच त्या करारातले बी पुण्यात रुजले, असे मानायचे काय?

‘मग ते आले कसे?’ हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकी गहू त्याआधीही येत होता. १९५१ मध्ये भारताच्या धान्यखरेदीसाठी अमेरिकेने १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. त्या धान्यातून बी आले असणे शक्य आहे. परंतु शक्यता म्हणजे पुरावा नव्हे, आणि ‘मुद्दाम’ या शब्दाला तर कोणी कधी आधारच दिलेला नाही.

शिवाय विल्यम रॉक्सबर्गच्या १८१४ मधील ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या वनस्पतिसूचीत पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे नाव सापडते. बागेतले रोप म्हणजे रानोमाळ पसरलेले तण नव्हे, हे मान्य. तरी ‘स्वातंत्र्यापूर्वी हे भारतात कोणी पाहिलेच नव्हते’ हे विधान त्यापुढे टिकत नाही.

(‘काँग्रेस गवत’ या नावातही कोणी पांढरी टोपी पाहतो, कोणी तेव्हाचे सरकार. मुळात ते गवत नाहीच. सूर्यफुलाच्या कुळातले झुडूप आहे.)

माझा खरा आक्षेप निराळा आहे. या कथेत जहाज आहे, वॉशिंग्टन आहे, दिल्ली आहे. खाजवून कातडी सोलवटलेला शेतमजूर तेवढा नाही. पार्थेनिन हे या झाडातील द्रव्य पहिल्याच स्पर्शात छळते असे नाही. वारंवार संपर्काने शरीर संवेदनशील होते आणि मग वाऱ्यावर उडणारा वाळक्या पाल्याचा चुराही पुरतो. पापण्या, मान, कोपराची लवण सुजते, खाज सुटते. कित्येकांचा त्रास वर्षानुवर्षे सरत नाही. लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी १९७४ मध्येच या त्वचारोगावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या संदेशात त्याचा उल्लेख मी अद्याप पाहिलेला नाही.

आणि बी उकिरड्यावरून गावोगाव नेले कोणी? रस्त्यांच्या भरावाच्या मातीने, वाहनांच्या चाकांनी, पाटाच्या पाण्याने, ओसाड ठेवलेल्या भूखंडांनी. हे सारे आपल्याच देखरेखीखाली घडले. पण परकीय शत्रू सापडला की ग्रामपंचायतीला कोणी जाब विचारत नाही.

परदेशातून खरोखर मुद्दाम आणलेली एक गोष्ट मात्र कागदोपत्री आहे : याच तणाची पाने खाणारा झायगोग्रामा भुंगा. तो १९८३ मध्ये मेक्सिकोहून बेंगळुरूला आणला गेला, आपल्याच शास्त्रज्ञांकडून.

१९५६ पूर्वीच्या गव्हाच्या तपासणीची कागदपत्रे कोणाकडे असतील, तर त्यांनी ती खाली अवश्य जोडावीत. फॉरवर्ड नकोत.