आधी पेट्रोल, मग पॉवर!

'भावा, स्टेज टू मारून घेतली!' साताऱ्यात पोवई नाका असो की सांगलीत विश्रामबाग, कॉलेज सुटल्यावरच्या गप्पांत हे वाक्य आता चहाइतकंच कॉमन झालंय. गाडीचा नाद वाईट नाही. पण नाद करायचा तर नीट करा की! आपल्याकडे आधी सायलेन्सर बदलतो, मग एअर फिल्टर, मग लॅपटॉप लावून रिमॅप. फ्युएल पंप आणि इंजेक्टर मात्र कंपनीचेच. खरी गडबड तिथंच आहे.

हिशेब साधा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा वाढवली की पेट्रोलही वाढलंच पाहिजे. आरपीएम वाढेल तसा इंजेक्टरला उघडं राहायला वेळ कमी मिळतो. फुल थ्रॉटलला पेट्रोल कमी पडलं की मिश्रण 'लीन' होतं, नॉकिंग सुरू होतं आणि शेवटी पिस्टन जातो. इंजेक्टरचे पैसे वाचले, इंजिन गेलं!

त्यात आता पंपावर ई-२०. आपल्या उसापासूनही बनणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, पण त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागणार. साध्या पेट्रोलसाठी बनवलेली फाइल नेटवरून उतरवून गाडीत टाकली, तर गणित चुकणारच.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. यवतेश्वर घाटात समोरून येणाऱ्या एसटीनं तुमच्या ट्यूनिंगची परीक्षा का द्यावी?

मग नाद सोडायचा? अजिबात नाही! कोइमतूरला होणाऱ्या 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेत पोरं स्वतः रेसिंग कार बनवतात. तिथं पेट्रोल इंजिनाला हवा फक्त २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून मिळते. मग खरा कस लागतो तो इंधन आणि इग्निशनच्या ट्यूनिंगचा.

म्हणून सांगली, कराड, साताऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना एकच मागणं: शनिवारी वर्कशॉप उघडं ठेवा, आयटीआयच्या आणि गॅरेजमधल्या पोरांनाही आत घ्या. लॅम्बडा सेन्सरचं रीडिंग वाचायला शिकलेला पोरगा रस्त्यावर फटाके फोडत फिरणार नाही. त्याला त्याहून भारी काहीतरी सापडलेलं असेल.