ओवी कोणाची?

आमच्या चिरंजीवांच्या खोलीत गेले पंधरा दिवस जो गडगडाट चालला आहे, त्याला ‘हेवी मेटल’ म्हणतात म्हणे. भांड्यांचे दुकान जिन्यावरून कोसळावे तसा आवाज! जाब विचारायला गेलो, तर त्याने रेकॉर्डचे वेष्टनच हातात दिले. गाणे ऐकवेना, म्हणून यादी वाचली. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

‘ब्लॅक सॅबथ’ या बर्मिंगहॅमच्या चौकडीची १९७० सालची ‘पॅरॅनॉइड’. गाणी आठ, आणि आठांचेही कर्ते तेच चौघे : आयोमी, बटलर, वॉर्ड, ऑस्बर्न. शब्द बहुतेक बटलरचे, तरी श्रेय सगळ्यांचे. ‘रॅट सॅलड’ या तुकड्यात तर शब्दच नाहीत. तरी गाणाऱ्या ऑस्बर्नचे नाव आहेच!

मला एकदम पाली आठवली. गेल्या हिवाळ्यात राजगडावरून पाली दरवाजाने उतरून त्या गावात एका ओट्यावर पाणी प्यायलो होतो. अंगणात जाते पडलेले. गिरणी आल्यापासून त्याला काम नाही. आजींना आग्रह केला, तशी त्यांनी एक ओवी म्हटली. मी विचारले, “ही कोणाची, आजी?”

“आत्याची. पर दुसरी वळ माजी. आत्याची सासू खाष्ट व्हती, माजी न्हवती. मंग म्या ती वळ बदलली.”

मी गेली वीस वर्षे फळ्यावर ‘लोकगीत, कर्ता अज्ञात’ असे ठणकावून लिहीत आलो आहे! हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी याच मावळपट्ट्यातून सुरुवात करून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या गाणारणीचे नाव आणि गाव टिपून. २०१७ पासून ‘परी’ या संग्रहातून त्या नावागावानिशी लोकांपुढे येत आहेत. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. फळ्यापाशी गेले की खडू आपला जुन्याच वळणाने चाले.

ही सारी हकीकत मी मोठ्या तोऱ्यात चिरंजीवांना सांगितली. त्यांनी आवाज कमी केला (ही पहिलीच वेळ) आणि विचारले, “बाबा, त्या आजींचं नाव काय?”

विचारले नव्हते. आत्याचेही नाही.

भाऊबीज झाली की पालीला जायचे ठरवले आहे. चिरंजीवही येतो म्हणतात. येऊ देत, फक्त ती रेकॉर्ड घरी ठेवायची, एवढी अट घातली आहे.