फोटो काढणाऱ्याला आधी सांगा



बैलाने लाथ मारली, कुणी झाडावरून पडले किंवा खोकला हटेना, की डॉक्टर म्हणतात, 'फोटो काढून आणा.' एक्स-रेला आपण फोटोच म्हणतो. तो काढणारा माणूस बहुधा डॉक्टर नसतो. त्या कामाचे शिक्षण घेतलेला क्ष-किरण तंत्रज्ञ असतो. फोटो नीट येणे जितके त्याच्या हाती, तितकेच आपल्याही हाती असते.

हे किरण जर्मनीतील शास्त्रज्ञ राँटजेन यांना १८९५ साली सापडले. मांसातून ते बरेचसे पार जातात, हाड त्यांना अडवते. म्हणून हाड पांढरे दिसते. धातूही तसाच अडवतो. छातीचा फोटो असेल तर मंगळसूत्र, ताईत काढायला सांगतात ते यासाठीच. वाटीची सावली पडली तर तिच्यामागचा फुप्फुसावरचा डाग झाकून जाईल. घरच्या वडीलधाऱ्यांनी यात अपशकुन मानू नये.

'श्वास रोखा, हलू नका' म्हटले की तसेच करा. हललात तर फोटो पुसट येतो आणि पुन्हा किरण घ्यावे लागतात.

तंत्रज्ञ स्वतः आडोशाला जातो हे पाहून पुष्कळांच्या मनात भीती शिरते. पण आपला फोटो एखाद्या वेळचा, त्याचे काम रोजचे. म्हणून तो आडोसा घेतो, शिशाचा कोट घालतो. छातीवरचा बिल्ला त्याच्या अंगावर किती किरण पडले ते मोजतो. छातीच्या एका फोटोत मिळणारे किरण साधारण दहा दिवसांत जमीन-आकाशातून आपोआप मिळतात तेवढेच असतात. यंत्र बंद झाले की अंगात किरण उरत नाहीत. सी. टी. स्कॅनमध्ये मात्र ते पुष्कळ जास्त असतात. तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो हट्टाने मागू नये.

आता भगिनींसाठी महत्त्वाचे. तंत्रज्ञ विचारतो, 'पाळी चुकली आहे का?' सोबत सासरे किंवा दीर असले की सूनबाई लाजून गप्प राहते. तसे करू नका. पोटातल्या कोवळ्या जिवाला किरणांपासून जपावे लागते. तंत्रज्ञाला कळले तर तो डॉक्टरांना विचारतो. पोटाचा फोटो टाळून सोनोग्राफीने काम भागते का, हे ते पाहतात. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. हात मोडला असेल तर काळजी घेऊन फोटो काढता येतो. सोबतच्या पुरुषांनी तेवढा वेळ बाहेर थांबावे.

आणि नकळत फोटो निघालाच, तर घाबरून मनानेच गर्भ पाडण्याचा विचार करू नका. एका साध्या फोटोने बाळाला अपाय होण्याचा संभव फारच थोडा असतो. डॉक्टरांना सांगा आणि त्यांचा सल्ला घ्या.

जुने फोटो घडी न घालता, ओल लागणार नाही असे ठेवा व पुढच्या खेपेस बरोबर न्या. दुखणे वाढले की कमी झाले, ते दोन्ही शेजारी धरल्यावर डॉक्टरांना कळते.