आधी कस लावा

जबलपूरच्या सराफ्यात जुना दागिना मोडायला नेला, की सराफ आधी काळ्या दगडावर त्याची रेघ ओढतो, भाव मग सांगतो. संगणक घेताना मात्र आपण दुकानदार आत जे भरून देईल ते मुकाट घरी आणतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि घरोघरची धडधाकट यंत्रं 'जुनी' ठरली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, जुन्या यंत्रांत ती बहुधा नसते.

अशा यंत्रासाठी आमचं मत लिनक्स मिंट या फुकट संगणक-प्रणालीच्या बाजूने. सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्स प्रणाली आपल्याकडची, तीही पाहण्याजोगी. पण नवख्याला मिंट लवकर हाताशी येतं. मिंट पेनड्राइव्हवर उतरवा, संगणक त्यावरून सुरू करा. हार्डडिस्कला धक्काही लागत नाही. वायफाय धरतं का, आवाज येतो का, प्रिंटर कागद ओढतो का, इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ज्ञ' नीट उमटतो का, हे तासाभरात कळतं. कस लावणं म्हणजे हेच.

फुकट आहे म्हणून भुलू नका. पेढीचा हिशेब टॅलीवर असेल, किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फायली रोज उघडाव्या लागत असतील (आमच्या टेबलावर त्यांचा ढीग आहे), तर एक विंडोज यंत्र राहू द्या. बाकी घरात पत्रं, बँक, नातवंडांचे व्हिडिओ एवढंच चालतं ना? मग बदला. मात्र हार्डडिस्क पुसण्याआधी लग्नाचे फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा.