किल्ल्या एकाकडे, गड तिघांकडे



‘शिवकाळात गड म्हणजे एकट्या किल्लेदाराचे राज्य’ हे आपल्या वाचकाचे विधान पटले नाही. ‘सभासद बखरी’त गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे येतात, तेही एका योग्यतेचे. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरीपट सबनीसाकडे, शिवाय कोठारावर कारखानीस. एक फितूर झाला तरी गड जाऊ नये, म्हणून ही विभागणी. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त तर हवालदार तीन, सरनोबत चार आणि सबनीस, कारखानीस पाच वर्षांनी बदलावेत, असे आहे. मुदती वेगवेगळ्या, म्हणजे सगळी नवखी माणसे एकदम गडावर यायला नकोत! आजच्या बदल्या करणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

आरमारातही तेच. दर्यासारंग आणि मायनाक भंडारी, असे दोन सुभेदार.

आमच्या दिघीच्या धक्क्यावर जंगलजेटीची, म्हणजे फेरीबोटीची, वाट पाहताना समोर जंजिरा दिसतो. त्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी मुरूडजवळ पद्मदुर्ग उभारला. तिथली रसद अडली, तेव्हा 1675 साली महाराजांनी खरमरीत पत्र धाडले ते प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना. गडावरच्या माणसांना नव्हे. रसद ज्याच्याकडे, जाबही त्यालाच.

– एक वाचक, दिघी (ता. श्रीवर्धन)