बुलेट विरारला थांबेल, अर्नाळ्याचे काय?

मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेमार्गावर महाराष्ट्रात जी चार स्थानके व्हावयाची आहेत, त्यांत वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे आणि बोईसर यांच्या जोडीला विरारचेही नाव आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादेत भारत आणि जपान यांच्या पंतप्रधानांनी या प्रकल्पाची पायाभरणी केली. तेव्हापासून भूसंपादन, कोर्टकचेऱ्या आणि सत्तांतरे यांतून वाट काढीत तो पुढे सरकत आहे. ५०८ किलोमीटरचा मार्ग, त्यासाठी आरंभी धरलेला सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा खर्च आणि त्यापैकी सुमारे ८१ टक्के रकमेसाठी ०.१ टक्का व्याजाने मिळावयाचे जपानी कर्ज, यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पालघर जिल्ह्यातील शेतकरी व आदिवासी यांनी केलेला विरोधही सर्वांना ठाऊक आहे. तो वाद येथे पुन्हा उकरण्याचे कारण नाही. येथे विचारावयाचा प्रश्न त्याहून लहान आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित राहिलेला आहे. ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावण्याची क्षमता असलेली गाडी ज्या विरारला थांबणार, त्या विरारहून आठ-दहा किलोमीटरवरच्या अर्नाळ्याला जाणाऱ्या माणसाने स्थानकाबाहेर पडल्यावर काय करावे?

अर्नाळा हे वैतरणेच्या मुखापाशी वसलेले कोळीवस्तीचे गाव. समोरच्या बेटावर किल्ला आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्या बेटावर आजही वस्ती असून तेथील माणसाचा प्रवास होडीपासून सुरू होतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी उतरते. आगाशी, नंदाखाल, बोळिंज या वाटेवरच्या गावांतील वाड्यांतून भाजी आणि फुले निघतात. आणि मुंबईच्या बाजारासाठी निघालेला हा माल भल्या पहाटे विरार स्थानक गाठू पाहतो. मासळीची पाटी घेतलेली कोळीण, महाविद्यालयात निघालेली मुलगी, मुंबईत नोकरी करणारा कारकून आणि इस्पितळाची तारीख असलेला म्हातारा, या सर्वांचा दिवस याच एका रस्त्यावर ठरतो. विरारची लोकल किती मिनिटे उशिरा धावली याची बातमी होते. अर्नाळ्याहून ती लोकल गाठता आली की नाही, याची होत नाही.

रेल्वेच्या इतिहासात विरारचे स्थान मोठे आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅक बे अशी गाडी सुरू झाली आणि पश्चिमेकडील उपनगरी वाहतुकीचा आरंभ झाला. १९३६ मध्ये विरारपर्यंत वीज आली. २००७ मध्ये बोरिवली–विरार चौपदरी मार्ग पूर्ण झाला, २००९ मध्ये पंधरा डब्यांच्या गाड्या आल्या, २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली. दीडशेहून अधिक वर्षांत लोहमार्गावर इतकी स्थित्यंतरे झाली. परंतु स्थानकाच्या पायऱ्या उतरल्यानंतरच्या प्रवासात बैलगाडी आणि टांगा यांच्या जागी बस व शेअर रिक्षा आली, यापलीकडे व्यवस्था म्हणावी असे फारसे काही घडले नाही. बस केव्हा येईल हे स्थानकावरच्या माणसास कळत नाही आणि लोकल केव्हा आली याच्याशी बसचे काही देणेघेणे नसते. दोन्ही सेवा सार्वजनिक आहेत, दोन्हींचा प्रवासी एकच आहे, आणि तरीही त्या एकमेकींस ओळखत नाहीत.

याचे मूळ शोधू गेल्यास ते रस्त्यात किंवा वाहनात सापडत नाही. ते हद्दीत सापडते. १९९० मध्ये सिडकोची या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, हरितपट्ट्यांच्या रक्षणासाठी लोक रस्त्यावर आले, तरीही इमारती उभ्या राहतच गेल्या. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर भरली. २०१२ मध्ये महापालिकेने स्वतःची परिवहन सेवा ठेकेदारामार्फत सुरू केली. शहरी वाहतूक हे महापालिकेचे काम, आपले नव्हे, अशी भूमिका मग एस. टी. महामंडळाने घेतली आणि २०१७ च्या सुमारास तेथील शहरी मार्गांवरून अंग काढून घेण्याचे ठरविले, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. महामंडळाचे म्हणणे अगदीच अवाजवी होते असे नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या संस्थेचा जन्म गावे जोडण्यासाठी झाला. महानगराच्या गल्लीबोळांतील तोटा तिने किती काळ सोसावा? पण अर्नाळ्याची गोष्ट या तर्कात बसत नाही. गावात एस. टी.चे आगार आहे आणि कारभार ग्रामपंचायतीचा आहे. म्हणजे गाव महापालिकेच्या हद्दीबाहेरचे आणि त्याचे स्थानक मात्र महापालिकेच्या हद्दीत. फेरी शहरी म्हणावी तर गाव शहरात नाही. ग्रामीण म्हणावी तर वाटेतला बराचसा प्रवासी शहराचा. ज्या फेरीची जबाबदारी दोघांकडे अर्धी अर्धी असते, ती अडचणीच्या वेळी कोणाचीच नसते.

आता जपानकडे वळू. बुलेट गाडीमुळे जपानचे नाव आपल्याकडे वेगाशी जोडले गेले आहे. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो–ओसाका मार्गावर शिंकान्सेन धावू लागली, तेव्हापासून जगाने त्या देशाकडे याच दृष्टीने पाहिले. परंतु गेल्या वीस वर्षांत नगरवाहतुकीच्या अभ्यासकांचे लक्ष जपानमधील ज्या शहरांकडे लागले, त्यांत सुमारे चार लाख वस्तीच्या तोयामाचे नाव अग्रभागी आहे, आणि त्याचे कारण वेग हे नाही. तोयामा स्थानकापासून समुद्रकाठच्या इवासेहामापर्यंत आठ किलोमीटरचा एक जुना रेल्वे फाटा होता. अंतर जवळपास विरार–अर्नाळ्याइतकेच. गाड्या अर्ध्या तासाने, कधी तासाने सुटत; प्रवासी घटत होते; प्रवासी घटले म्हणून फेऱ्या वाढत नव्हत्या आणि फेऱ्या नाहीत म्हणून प्रवासी फिरकत नव्हते. शिंकान्सेनसाठी स्थानकाची पुनर्रचना करावयाची वेळ आली तेव्हा हा फाटा उंच पुलावर न्यावा, तो मोडून बस सुरू करावी, की त्याची ट्राम करावी, असे तीन पर्याय नगरपालिकेपुढे होते. तिने ट्राम निवडली.

२९ एप्रिल २००६ रोजी ती सुरू झाली. दिवसा दर पंधरा मिनिटांनी गाडी, रात्री उशिरापर्यंत सेवा, जमिनीलगतचा मजला आणि सर्वांना एकच भाडे. इवासेहामाच्या अखेरच्या थांब्यावर ट्राम एका बाजूस उभी राहते आणि त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूस पुढच्या वस्त्यांकडे जाणारी बस. उतारूने चार पावले टाकावयाची, इतकेच. कामाच्या दिवसांतील प्रवाशांची संख्या सुमारे दुप्पट झाली. हिशेबाची विभागणीही सरळ होती: बांधणी व देखभाल सार्वजनिक निधीतून, रोजचा चालनखर्च तिकिटाच्या उत्पन्नातून. शिंकान्सेन तोयामाला पोहोचली ती १४ मार्च २०१५ रोजी, म्हणजे जवळजवळ नऊ वर्षांनंतर. त्याच दिवशी स्थानकाच्या उंच रुळांखाली दक्षिणेकडील ट्रामचा थांबा सुरू झाला आणि २१ मार्च २०२० रोजी उत्तरेची व दक्षिणेची ट्राम स्थानकाखालून एकमेकींस जोडली गेली. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी समुद्रकाठच्या प्रवाशाची सोय, मग अतिवेगवान गाडी.

हे सांगू लागले की एक ठरावीक उत्तर मिळते: जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, त्याची आपली बरोबरी काय? हे उत्तर आळसाचे आहे. त्या जुन्या फाट्यावर तासाने गाडी सोडणारे अधिकारी आणि त्या गाडीकडे पाठ फिरवणारे प्रवासी जपानीच होते. शिस्त होती तरी सेवा खालावत होती. ती सुधारली, कारण जबाबदारी एका ठिकाणी आली, तोटा कोणी भरावयाचा ते आधी ठरले आणि वेळापत्रक प्रवाशाच्या सोयीने आखले गेले. स्वभाव उसना आणता येत नाही हे खरे. व्यवस्था मात्र आणता येते.

जपानचे सारेच आलबेल आहे असाही याचा अर्थ नव्हे. उत्सुनोमिया शहरात २६ ऑगस्ट २०२३ रोजी १४.६ किलोमीटरची संपूर्णपणे नवी ट्राम सुरू झाली; त्या देशात अशी घटना ७५ वर्षांनी घडली आणि ट्रामच्या थांब्यांशी जुळवून तेथील बसमार्गही नव्याने आखले गेले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस, २० डिसेंबरला, ओसाका जिल्ह्यातील कोंगो या बस कंपनीने आपल्या सर्व फेऱ्या बंद केल्या. चालक मिळेनासे झाले होते. एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा आली आणि ही टंचाई देशभर अधिकच जाणवू लागली. कुमामोतोतील बस कंपन्यांनी तर यंत्रे बदलण्याचा खर्च झेपत नाही म्हणून देशभर चालणारी प्रवासपत्रे स्वीकारणे २०२४ मध्ये थांबविले. तरीही कोंगोच्या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. तिच्या फेऱ्या एक शहर, दोन नगरे आणि एक खेडे यांच्या हद्दीतून जात. त्या चौघांनी एकत्र बसून शेजारच्या दोन बस कंपन्या आणि स्वतःच्या लहान गाड्या यांच्या आधारे निम्म्याशिम्म्या का होईना, फेऱ्या चालू ठेवल्या. हद्दीचा प्रश्न त्यांनाही होता. त्यांनी तो प्रवाशाच्या डोक्यावर टाकला नाही.

आपल्याकडे अशा एकत्र बसण्याची तरतूद कागदावर नाही असे नव्हे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांसाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरणाची शिफारस केली. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी तसे प्राधिकरण शासन निर्णयाने स्थापनही झाले. वसई तालुका, आणि म्हणून अर्नाळाही, याच प्रदेशात मोडतो. परंतु कित्येक वर्षे या संस्थेला कायद्याचे बळ नव्हते आणि स्वतःचा पैसाही नव्हता. रेल्वेला ती आज्ञा करू शकत नव्हती, एस. टी.ला पैसा देऊ शकत नव्हती आणि महापालिकेला हद्दीबाहेर गाडी न्यावयास लावू शकत नव्हती. अशा संस्थेच्या बैठका होतात. बस येत नाही.

तोट्याचा आक्षेप येथे अपेक्षितच आहे. अर्नाळ्याच्या फेरीत नफा नसेल, हे मान्य करावयास हरकत नाही. पण मग तोच निकष सर्वत्र लावावा लागेल. अतिवेगवान रेल्वेच्या महामंडळात महाराष्ट्राचा भांडवली वाटा ५ हजार कोटी रुपयांचा आहे. तो नफ्याच्या हिशेबाने उचललेला नाही. भविष्यातील सोयीची किंमत म्हणून उचललेला आहे. जो न्याय अहमदाबादच्या प्रवाशाला, तो विरारला उतरून आगाशीच्या वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला नाकारता येणार नाही. शासनाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य केला, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्यात प्रवास दिला. या सवलती स्वागतार्हच आहेत. पण अर्धे तिकीट काढावयासदेखील अगोदर बस यावी लागते, आणि कोळणीच्या पाटीला बसमध्ये जागा असावी लागते. लोकलला मालाचा डबा असतो, मग पहाटेच्या दोन-चार बसगाड्यांत मागील जागा पाट्यांसाठी मोकळी ठेवणे अशक्य का असावे?

करावयाच्या गोष्टी फार नाहीत. विरार–अर्नाळा मार्गाची जबाबदारी लेखी स्वरूपात एकाच संस्थेकडे द्यावी, ती एस. टी. असो वा महापालिका, आणि तिला येणारी तूट प्राधिकरणामार्फत शासनाने ठरावीक दराने भरावी. पहिली बस पहाटेच्या लोकलआधी पोहोचावी आणि शेवटची बस रात्रीच्या शेवटच्या लोकलनंतर सुटावी. थांबा स्थानकाच्या दाराशी असावा. मार्च २०१९ मध्ये देशभर चालणाऱ्या प्रवासपत्राची घोषणा झाली. त्यावर लोकल आणि बस यांचा एकत्रित मासिक पास द्यावा. आणि चालक-वाहकांच्या वेतनात काटकसर करून सेवा चालविता येते, हा भ्रम सोडावा. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस. टी.च्या संपाने आणि जपानच्या चालकटंचाईने शिकविलेला धडा एकच आहे: गाडी विकत मिळते, ती नेटाने रोज चालविणारा माणूस टिकवावा लागतो.

यांपैकी कशासाठीही परकीय कर्ज लागत नाही, बोगदे खोदावे लागत नाहीत आणि कोणाची जमीन घ्यावी लागत नाही. बुलेट गाडी विरारला येण्यास अजून अवधी आहे. तोयामाने अशा अवधीचा उपयोग आपल्या समुद्रकाठच्या रस्त्यासाठी करून घेतला. विरारला तो उपयोग करून घेता आला नाही, तर नव्या स्थानकाच्या उद्घाटनानंतरही अर्नाळ्याचा प्रवासी बस केव्हा येणार हे विचारीत रस्त्याच्या कडेला उभा राहील. फरक एवढाच होईल की, त्या प्रश्नाचे उत्तर न देणाऱ्या संस्थांत आणखी एकीची भर पडलेली असेल.